लिव्हरची ग्रीस गन बनवायची आहे: प्लंजरचा व्यास किती ठेवावा, आणि भरल्यानंतर गन ग्रीस का उचलत नाही?

शिरोलीचा लेथवाला

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझे लहान वर्कशॉप असून रोटाव्हेटर, ट्रॉली आणि ऊसशेतीच्या अवजारांसाठी लागणारे बुश, पिना व बेअरिंग हाउसिंग आम्ही तयार करतो. आमच्या गिऱ्हाइकांची एक तक्रार कायमची आहे. स्वस्तातली ग्रीस गन एका हंगामातच निकामी होते आणि तिचे सुटे भाग कुठे मिळत नाहीत. त्यामुळे गावातल्या फिटरला खोलून दुरुस्त करता येईल अशी लिव्हरची साधी गन आपणच बनवावी, असे ठरवून मी एक नमुना तयार केला आहे.

त्याची मापे अशी आहेत. बॅरलचा आतला व्यास ५४ मिमी, हेड बिडाचे, प्लंजर १० मिमी व्यासाचा, स्ट्रोक २५ मिमी. हेडच्या आत बॅरलमधून ग्रीस येण्यासाठी ६ मिमीचे एक गोल छिद्र आहे आणि प्लंजर पूर्ण मागे आला की ते उघडते. हाताच्या पकडीपासून टेकूपर्यंतचे अंतर ३०० मिमी आणि टेकूपासून प्लंजरच्या पिनेपर्यंतचे अंतर २० मिमी असल्याने लिव्हरचे प्रमाण पंधरास एक येते. पुढे छर्रा व स्प्रिंग असलेला व्हॉल्व्ह आहे. तो मी होज जोडण्याच्या ॲडॉप्टरमध्ये बसवला आहे, त्यामुळे प्लंजरच्या टोकापासून छर्ऱ्यापर्यंत ८ मिमी व्यासाचा सुमारे ३० मिमी लांबीचा मार्ग राहिला आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे गन नव्याने भरल्यावर कितीही लिव्हर मारला तरी ग्रीस येत नाही. हेड थोडे सैल करून मागची दांडी हाताने रेटली की कधी येते, कधी तरीही येत नाही. दुसरी अशी की जुन्या, बसलेल्या (म्हणजे आत ग्रीस वाळून बंद झालेल्या) निपलवर, यंत्राच्या ग्रीस आत घेणाऱ्या तोंडावर, दाब कमी पडतो असे वापरणारे सांगतात. तिसरी म्हणजे काही आठवड्यांच्या वापरानंतर प्लंजरच्या मागच्या बाजूने ग्रीस बाहेर येऊ लागते. दाब वाढवण्यासाठी प्लंजर ६ मिमीचा करावा, असा माझा विचार आहे. त्याने पहिली अडचणही सुटेल का? या विषयातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पंपांचा जुना डिझायनर

आपण मापे दिलीत हे फार चांगले केलेत, कारण त्यांच्यावरूनच उत्तर निघते. प्लंजर ६ मिमीचा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दाब वाढेल हे खरे, परंतु गन ग्रीस न उचलण्याचा जो मूळ रोग आहे तो त्याने आणखी बळावेल.

हाताची ग्रीस गन हा एकाच बाजूने काम करणारा प्लंजर पंप आहे. अशा पंपात दाब निर्माण करणे हे सोपे काम असते, कारण तो लिव्हर आणि लहान व्यास यांच्याकडून आपोआप मिळतो. अवघड असते ते दर स्ट्रोकला पंपाची पोकळी पूर्ण भरून घेणे, आणि त्यातही ग्रीससारखा पदार्थ, जो ढकलल्याशिवाय हलत नाही, तो भरून घेणे. बाजारातल्या ज्या गन निकामी म्हणून फेकल्या जातात, त्यांपैकी पुष्कळ दाबासाठी चांगल्या असतात. त्या भरून घेण्यात कमी पडतात.

आता आपल्या नमुन्याचा हिशेब करू. १० मिमी प्लंजरचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटीमीटर आहे. २५ मिमीच्या स्ट्रोकपैकी पहिले ७ मिमी आवक छिद्र झाकण्यातच जातात, कारण छिद्र पूर्ण झाकले जाईपर्यंत पुढे ढकललेले ग्रीस बॅरलमध्येच परत जाते. म्हणजे कामाचा स्ट्रोक १८ मिमी आणि त्यात हटणारे आकारमान १.४१ घन सेंटीमीटर. प्लंजर पूर्ण पुढे गेल्यावरही छर्ऱ्यापर्यंत जी जागा उरते, ती आपल्या मापांप्रमाणे १.५ घन सेंटीमीटर आहे. नव्याने भरल्यावर या सगळ्या जागेत हवा असते असे धरा. मग २.९१ घन सेंटीमीटर हवा दाबून १.५ घन सेंटीमीटर होते, आणि तिचा दाब वातावरणाच्या दुपटीलाही पोहोचत नाही. वातावरणापेक्षा तो जेमतेम एक किलो प्रति चौरस सेंटीमीटरने वाढतो. छर्ऱ्याच्या बैठकीचे छिद्र ५ मिमीचे असेल आणि मागची स्प्रिंग अर्धा किलो जोराने दाबत असेल, तर तो छर्रा उचलायलाच अडीच किलो प्रति चौरस सेंटीमीटर लागतात, आणि होजमध्ये थिजून बसलेले ग्रीस हलवायला लागणारा दाब वेगळाच. छर्रा हलतच नाही. लिव्हर मारला की हवा दबते, सोडला की फुगते, आणि सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा मारावा तसा लिव्हर उसळत राहतो.

हीच हवा परतीच्या स्ट्रोकलाही नडते. प्लंजर मागे येताना छिद्र उघडेपर्यंत आत निर्वात पोकळी तयार व्हायला हवी, म्हणजे छिद्र उघडताक्षणी ग्रीस आत खेचले जाते. परंतु उरलेल्या जागेतली हवा फुगून ती पोकळी अर्धीमुर्धी भरून टाकते आणि खेच कमी पडते. प्लंजर ६ मिमीचा केल्यास कामाचे आकारमान ०.५१ घन सेंटीमीटरवर येईल, उरणारी जागा मात्र तेवढीच राहील. म्हणजे हवा आज जवळजवळ दुपटीने दबते आहे, ती उद्या सव्वा ते दीडपटीच्या मध्येच कुठेतरी अडकेल.

उपाय म्हणून छर्रा ॲडॉप्टरमधून काढून हेडमध्ये, प्लंजरच्या थेट समोर आणावा, आणि पुढच्या टोकाला पोहोचलेला प्लंजर बैठकीपासून एखाद-दोन मिलिमीटरवर थांबेल अशी रचना करावी. उरणारी जागा ०.१५ घन सेंटीमीटरपर्यंत आणता आली, तर तोच १० मिमी प्लंजर हवेला दहापट दाबील आणि छर्रा निमूटपणे उचलला जाईल. शिवाय आवक छिद्र गोल न ठेवता प्लंजरच्या अक्षाला आडवी खाच ठेवावी. खाच अक्षाच्या दिशेने ४ मिमी आणि आडवी लांब असेल, तर ग्रीस आत येण्याची वाट मोठी राहते आणि स्ट्रोकही कमी वाया जातो.

व्यास माझ्या मते ८ मिमी योग्य ठरेल. लिव्हरच्या टोकाला १५ किलो जोर लावला, तर पंधरास एक या प्रमाणाने प्लंजरवर २२५ किलो येतात. १० मिमी प्लंजरला त्याचा दाब २८७ किलो प्रति चौरस सेंटीमीटर मिळतो आणि ८ मिमीला ४४७. घर्षणात काही जाईल, तरीही चारशेच्या आसपास दाब हाताशी राहतो, आणि लिव्हरच्या चांगल्या गन साधारण तेवढ्यालाच उतरतात. आडव्या खाचेमुळे कामाचा स्ट्रोक २० मिमी धरला, तर दर स्ट्रोकला एक घन सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ०.९ ग्रॅम ग्रीस मिळेल. स्ट्रोक वाढवून हे प्रमाण वाढवता येईल, परंतु स्ट्रोकचा दर मिलिमीटर म्हणजे हाताचा १५ मिमी प्रवास, हे विसरू नये. २५ मिमी स्ट्रोकला हात ३७५ मिमी फिरतोच आहे. ट्रॉलीखाली आडवे पडून काम करणाऱ्याला त्याहून जास्त जागा सहसा मिळत नाही.

तिसऱ्या अडचणीबद्दल. पिनेचे टोक वर्तुळात फिरते आणि प्लंजर सरळ रेषेत जातो. आपल्या मापांत ते टोक स्ट्रोकभरात ४ मिमीहून थोडे अधिक आडवे सरकते. प्लंजर थेट लिव्हरला जोडला असेल, तर ही सगळी आडवी ओढ त्याच्या भोकावर येते आणि भोक वर्षभरात लंबगोल होते. मध्ये ४० मिमी लांबीची कडी घालावी आणि सरकण्याचा मध्य प्लंजरच्या अक्षावर येईल अशी जुळणी करावी. मग कडीचा कोन तीन अंशांच्या आसपास राहतो आणि २२५ किलो जोराला आडवा रेटा १२ किलोंपुरताच उरतो. प्लंजर कठीण करून ग्राइंड केलेला असावा, भोक होन केलेले (बारीक घासून गुळगुळीत केलेले) असावे, आणि भोकाची लांबी व्यासाच्या तीन-चार पट असावी. येथे मोकळीक हाच सगळा खेळ आहे, कारण अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. मागच्या बाजूला, जेथे खाचेची धार लागत नाही, तेथे एक सील घालावे. ते उच्च दाबासाठी नाही. परतीच्या स्ट्रोकला मागून हवा आत खेचली जाऊ नये, यासाठी ते हवे.

कारखाना देखभाल

मी साखर कारखान्याच्या देखभाल विभागात असून गळीत हंगामात आमच्याकडे ग्रीस गन रात्रंदिवस चालतात. वरील हिशेबाशी मी सहमत आहे, परंतु वापरणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते, कारण गनचा दोष म्हणून जे सांगितले जाते त्यातले बरेचसे गनच्या बाहेर असते.

सर्वांत मोठा विषय म्हणजे अर्धे स्ट्रोक. दाब जाणवू लागला की कामगार लिव्हर पूर्ण मागे न आणता पुढच्या पुढे लहान लहान झटके देतो. प्लंजर पूर्ण मागे आल्याशिवाय आवक छिद्र उघडतच नाही, त्यामुळे अशा झटक्यांत नवीन ग्रीस आत येत नाही आणि गन रिकामी झाली असा समज होतो. डिझायनर महोदयांनी खाच अरुंद करायला सांगितली आहे. त्याने स्ट्रोक वाचतो हे बरोबर, पण अर्धे स्ट्रोक मारणाऱ्याच्या हातात ती आणखी कमी वेळ उघडी राहील. लिव्हर मागच्या टोकाला आल्याचे हाताला कळेल असा टणक अडथळा द्यावा आणि हेडवर तसा बाणही कोरावा, असे मी सुचवेन.

दुसरा विषय ग्रीसच्या घट्टपणाचा. ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय क्रमांकाने सांगतात, त्यातले २ क्रमांकाचे ग्रीस सर्वत्र चालते. त्याचे शंकू आत शिरण्याचे माप २५ अंश सेल्सिअसला २६५ ते २९५ असते, ३ क्रमांकाचे २२० ते २५० असते. हे माप मिलिमीटरच्या दशांशांत असल्याने आकडा जितका लहान तितके ग्रीस घट्ट. जानेवारीच्या पहाटे ३ क्रमांकाचे ग्रीस गनमध्ये असले की आवक छिद्रासमोरचे तेवढे ग्रीस आत जाते, मागे बोगदा पडतो आणि बाकीचे जागचे हलत नाही. त्यात गनचा दोष काढणे व्यर्थ आहे.

दाब कमी पडतो या तक्रारीतही अनेकदा खरा दोष पुढच्या कपलरच्या, म्हणजे होजच्या टोकाला निपल धरणाऱ्या जोडाच्या, जबड्यांत असतो. ग्रीसचा दाब आतल्या लहान दट्ट्यावर येतो, तो दट्ट्या जबड्यांना निमुळत्या टोपीत ढकलतो, आणि जबडे निपलच्या मानेला धरतात. म्हणजे दाब जितका वाढेल तितकी पकड घट्ट होते. जबड्यांच्या कडा झिजल्या की पकड सुटते आणि ग्रीस निपलच्या भोवतीने बाहेर येते. वापरणारा म्हणतो दाब नाही. वास्तविक दाब भरपूर असतो, तो आत जात नाही एवढेच. आपण गन बनवणार असाल तर कपलर बाहेरून चांगला घ्यावा आणि त्याचे जबडे वेगळे मिळतील याची सोय करावी. निपल पुसल्याशिवाय कपलर लावू नये, ही सूचना तर गनच्या अंगावरच छापावी. ऊसतोडीच्या शेतातली काळी माती आणि पाचटाची धूळ एकदा निपलमधून बुशमध्ये गेली की तेथे ग्रीसचे घासणपेस्ट होते.

शेवटचा मुद्दा ग्रीस किती मारायचे याचा. बुश आणि पिनांना जुने काळे ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारावे. बेअरिंगला मात्र ग्रॅममध्ये मोजून मारावे. आम्ही बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ०.००५ ने गुणतो. ६३०८ क्रमांकाच्या बेअरिंगला, ज्याचा बाहेरचा व्यास ९० आणि रुंदी २३ आहे, सुमारे १०.३ ग्रॅम येतात. ०.९ ग्रॅमच्या गनने हे अकरा-बारा स्ट्रोक झाले. त्यासाठी गनच्या दर स्ट्रोकचे वजन वापरणाऱ्याला माहीत असले पाहिजे. बाजारातल्या किती गनांवर ते लिहिलेले असते?

शिरोलीचा लेथवाला

दोघांचेही मनःपूर्वक आभार. छर्रा हेडमध्ये आणण्यासाठी पॅटर्न बदलावे लागेल, तरीही ते करतो. दोन शंका आहेत. हेड बिडाचेच ठेवले तर ४५० किलोच्या दाबाला ते टिकेल का? आणि मागची रबरी बकेट ग्रीसला पुढे रेटते, तिची स्प्रिंग जास्त कडक केली तर भरून घेण्यात सुधारणा होईल का? आमच्याकडची स्प्रिंग सुमारे १० किलो जोर देते.

पंपांचा जुना डिझायनर

आधी स्प्रिंग. ५४ मिमी बॅरलचे क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंटीमीटर आहे, म्हणजे १० किलोच्या स्प्रिंगने ग्रीसवर जेमतेम ०.४३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब येतो. त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या जवळपास, वातावरण देते, पण ते केव्हा, तर पंपाची पोकळी खरोखर निर्वात झाली आणि बकेटच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा येऊ शकली तर. मागच्या टोपीत दांडीभोवती वाट आहे ना, हे पाहा. ती ग्रीसने किंवा रंगाने बंद झाली असेल तर स्प्रिंग कितीही कडक केली तरी उपयोग नाही. स्प्रिंग फार कडक केल्यास दांडी मागे ओढून अडकवणे जड जाते आणि गन भरून ठेवल्यावर सतत दाबाखाली राहिलेल्या ग्रीसमधून तेल वेगळे होऊन गळते. १० किलो पुरेसे आहेत. बकेटची रबरी कड मात्र बॅरलला सगळीकडून नीट घासली पाहिजे, नाहीतर ग्रीस मागे राहते आणि हवा पुढे जाते.

आता हेड. ८ मिमी भोकाभोवती बाहेरचा व्यास २० मिमी ठेवला, तर ४०० किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाला भोकाच्या आतल्या पृष्ठावर सुमारे ५५० किलो प्रति चौरस सेंटीमीटर ताण येतो. एफजी २०० दर्जाच्या राखाडी बिडाची ताणशक्ती दोन हजारांच्या आसपास असते, म्हणजे कागदावर ते टिकते. पण लिव्हरवर १५ किलोच लावायचे असा नियम कोण पाळतो? बसलेल्या निपलपुढे माणूस अंगभार टाकतो. ४० किलो टाकले की प्लंजरवर ६०० किलो, दाब १,१९० आणि ताण सोळाशेच्या पुढे. राखाडी बीड वाकून इशारा देत नाही, तडकते. शिवाय ओतकामातल्या सूक्ष्म छिद्रांतून या दाबाला ग्रीस पाझरते. हेड एसजी आयर्नचे (सहज न तडकणाऱ्या बिडाचे) करावे, किंवा बीडच ठेवायचे असल्यास भोकात पोलादी स्लीव्ह बसवून प्लंजर आणि छर्ऱ्याची बैठक दोन्ही त्या स्लीव्हमध्ये घ्यावीत. स्लीव्ह झिजली की बदलता येते, आणि दुरुस्त होणारी गन हा आपला मूळ हेतूही त्यात साधतो. बॅरलची मात्र काळजी करू नये. त्याच्यावर स्प्रिंगचाच दाब येतो, म्हणून ते पातळ पत्र्याचे चालते.

आयटीआय निदेशिका

वरील चर्चेत १,१९० हा आकडा आला, म्हणून हे लिहिणे भाग आहे. लिव्हर गनच्या साध्या दाबालाही होजला पडलेल्या बारीक छिद्रातून निघणारी ग्रीसची धार कातडी भेदून बोटात शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, फारसे दुखतही नाही, आणि माणूस कामाला लागतो. आत शिरलेले ग्रीस मात्र ऊतींमध्ये पसरत असते आणि उशीर झाल्यास बोट गमवावे लागू शकते. अशी जखम झाल्यास पट्टी बांधून थांबू नये, त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर शल्यचिकित्सकाकडे जावे आणि उच्च दाबाचे ग्रीस आत गेले आहे हे त्यांना स्पष्ट सांगावे. गनच्या तोंडावर अंगठा ठेवून दाब तपासण्याची सवय आमच्या प्रशिक्षणार्थींना पहिल्या दिवसापासून सोडावी लागते. होज हातात धरायचाच असेल, तर स्प्रिंगचे आवरण असलेला भाग धरावा.

आपल्या वापरणाऱ्यांसाठी दोष शोधण्याची एक पद्धत देते. होज काढून ठेवावा आणि लिव्हर पूर्ण मारावा. हेडमधून ग्रीसची सलग दोरी आली तर पंप ठीक आहे आणि दोष होज, कपलर किंवा निपलमध्ये आहे. फुस्स आवाज येऊन थुंकल्यासारखे तुकडे आले, किंवा काही न येता लिव्हर उसळला, तर आत हवा आहे. होज लावलेला असतानाच लिव्हर परत ढकलला जात असेल आणि होज काढल्यावर तसे होत नसेल, तर छर्ऱ्याखाली कचरा अडकला आहे आणि होजमधला दाब मागे येतो आहे. छर्ऱ्याची बैठक केरोसीनने धुऊन बघावी, घासू नये.

आणि निपल बसलेले असेल तर दाब वाढवू नये. निपल काढावे, आतला वाळलेला ग्रीसचा गोळा तारेने काढावा आणि निपल बदलावे. त्याची किंमत नव्या होजच्या मानाने काहीच नाही.

ट्रॉलीवाला दादा

सगळ्यांचे वाचले. एक विचारतो. पिस्तुलासारखी एका हाताची गन बनवावी की लिव्हरची? ट्रॉलीखाली एका हाताने कपलर धरावा लागतो, दुसऱ्याने लिव्हर मारायचा तर गन कोण धरणार?

श्टुटगार्टचा सांगलीकर

दादा, आपला प्रश्न रास्त आहे. पिस्तुली गनमध्ये बोटांच्या मुठीचा जोर आणि तिचा प्रवास दोन्ही कमी असल्याने दर स्ट्रोकला साधारण अर्धा ते एक ग्रॅमच्या दरम्यान ग्रीस मिळते आणि मूठ लवकर थकते. तीन-चार निपलांसाठी ती सोयीची, पूर्ण रोटाव्हेटर ग्रीस करायला नाही. लिव्हरच्या गनला लवचिक होज आणि निपलला स्वतः धरून राहणारा चांगला कपलर लावला की दोन्ही हात गनला मोकळे राहतात. म्हणजे हा प्रश्नही शेवटी कपलरच्या जबड्यांपाशीच येतो.

मी जर्मनीत वंगण उपकरणांशी संबंधित काम करतो, म्हणून लेथवाल्यांना काही मापे सांगतो. युरोपात हाताच्या लिव्हर गनसाठी डीआयएन १२८३, ग्रीस भरून मिळणाऱ्या ४०० ग्रॅमच्या नळीसाठी, म्हणजे काडतुसासाठी, डीआयएन १२८४ आणि शंकूच्या डोक्याच्या निपलसाठी डीआयएन ७१४१२ ही मानके आहेत. काडतुसाचा बाहेरचा व्यास ५३.५ मिमी आणि लांबी २३५ मिमी असते. आपल्या बॅरलचा आतला व्यास ५४ मिमी आहे, म्हणजे काडतूस जेमतेम शिरेल आणि जरासे दबलेले असेल तर अडकेल. व्यास ५६ मिमीच्या आसपास नेल्यास सुटे ग्रीस आणि काडतूस दोन्ही वापरता येतील. त्यासाठी बकेटची रबरी कड उलटवता येणारी असावी. सुट्या ग्रीससाठी ती बॅरलला घासते, काडतुसासाठी उलटवल्यावर ती काडतुसाच्या आतल्या भिंतीला घासते. गावात आज काडतूस मिळत नसले तरी ही सोय ठेवायला खर्च येत नाही.

निपलच्या डोक्याचा व्यास ६.५ मिमी असतो आणि सगळ्या कपलरांची मापे त्याच्यावर बेतलेली आहेत. हा प्रकार एका दिवसात ठरलेला नाही. १९१६ च्या सुमारास शिकागोत आर्थर गुलबोर्ग यांनी जी गन केली, ती स्क्रू फिरवून दाब द्यायची होती आणि तिचा होज निपलच्या आडव्या पिनेत फिरवून अडकवावा लागे. ऑस्कर झर्क यांना १९२३ साली ज्या निपलचे अमेरिकी पेटंट मिळाले, त्यावर गन नुसती दाबून धरायची असे, म्हणजे माणसाने रेटा सोडला की गळती सुरू. दाबानेच घट्ट होणारे जबडे त्यानंतर आले. मला यातली गंमत अशी वाटते की गनच्या पंपात त्यानंतर मूलभूत असे फारसे काही बदललेले नाही. सगळी प्रगती निपल आणि गन यांच्या भेटीच्या जागी झाली.

भरण्याबद्दल एक सूचना. हेडवर एक भरणी निपल ठेवा, म्हणजे झाकण बंद असलेल्या डब्यावर हातपंप बसवून त्यातून गन थेट भरता येईल. बॅरल उघडून डब्यात बुडवण्याच्या पद्धतीत दोन गोष्टी आत जातात, हवा आणि धूळ. आपली पहिली अडचण त्या हवेतून सुरू होते आणि निदेशिकाबाईंनी सांगितलेला छर्ऱ्याखालचा कचरा त्या धुळीतून येतो.

पंपांचा जुना डिझायनर

भरणी निपलची सूचना उत्तम आहे. त्याला एकच जोड द्यावीशी वाटते. भरणी निपल ठेवल्यास हवा सोडण्याचा स्क्रूही हवा, आणि तो बॅरलच्या तोंडाशी, आवक खाचेच्या शेजारी, गन निपल वर करून उभी धरल्यावर जो भाग सर्वांत उंच येतो तेथे असावा. बाजारातल्या काही गनांमध्ये तो शोभेसाठी बाजूला बसवलेला असतो, आणि हवा त्याच्या वर अडकून राहते. स्क्रूच्या टोकाला बारीक आडवे भोक ठेवा, म्हणजे दोन आटे सैल केल्यावर हवा बाजूला निघेल, तोंडावर येणार नाही. नमुना पुन्हा ओतल्यावर होज न लावता रिकाम्या गनमध्ये ग्रीस भरा आणि पूर्ण स्ट्रोक मोजत ग्रीसची सलग दोरी किती स्ट्रोकांनंतर निघते ते येथे कळवा. तो आकडा दाबाच्या आकड्यापेक्षा जास्त काही सांगेल.